देठाशी एक खाच

"थू! आजी, हे काय आहे?"

दुर्वानं तोंडातला घास बेसिनमध्ये थुंकला, नळ सोडला आणि ओंजळीनं चुळा भरायला लागली. बँकेत जायच्या घाईत डबा भरता भरता भाजीपोळीचा एक घास उभ्याउभ्या खायची तिची रोजची सवय होती.

"काय झालं ग?" कुमुदनं विचारलं.

"लौकी! ज़हर आहे पूरा. जीभ जळून राहिली माझी. तू चाखली नव्हतीस का?"

कुमुदच्या पुढ्यातल्या ताटलीत तीच भाजी होती. चण्याची डाळ घालून केलेली, वर कोथिंबीर. तिचे चार घास खाऊन झाले होते, पाचवा हातात होता. त्या चार घासांत तिला डाळीचा कणीदारपणा कळला होता, दुधीच्या फोडींचा मऊपणा कळला होता, भाजी गरम आहे हेही कळलं होतं. त्यापलीकडे काही कळलं नव्हतं. तिनं हातातला घास हळूच ताटलीत ठेवला.

"चाखली होती," ती म्हणाली.

आणि ते म्हणताम्हणताच तिला दुसरा दुधी आठवला. मांडवावरच्या नव्या वेलाचे पहिले दोन दुधी तिनं काल संध्याकाळी काढले होते. लहान घरात ठेवला. मोठा शेजारी बापूसाहेबांकडे दिला, त्यांच्या सकाळच्या रसासाठी.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून पन्नास मिनिटं. बापूसाहेब रस साडेसातला घेत. त्यात कधी पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. पण आज सात वाजता लाइट गेली होती आणि आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, आली होती. लाइट नाही म्हणजे मिक्सर नाही. म्हणजे अजून...

परसाच्या भिंतीपलीकडून मिक्सरची घरघर ऐकू आली.

कुमुद उठली ती खुर्ची मागे पाडूनच. "अवंतिकाला फोन लाव! म्हणावं रस देऊ नको. लाव!"

मागच्या दारातून ती परसात धावली. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे धावतात तसं धावली. वांग्यांच्या वाफ्यातून, आळ्यातल्या पाण्यातून चपलांसकट गेली आणि भिंतीला हात टेकून ओरडली, "अवंतिका! ए अवंतिका!" भिंत तिच्या डोक्याहून वीतभर उंच. पलीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत कूलर सुरू होता. मे महिन्यात जबलपुरात सकाळी आठलाही कूलर लागतो, आणि त्याच्या आवाजात माणसाची हाक कुठे जाते कुणास ठाऊक.

मिक्सर थांबला.

"आजी, उचलून नाही राहिली कोणी!" आतून दुर्वा ओरडली.

दोन्ही घरांची फाटकं पुढच्या रस्त्यावर होती. परसातून घरात, घरातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. नेपियर टाऊनमधल्या त्या गल्लीत कुमुद पन्नास वर्षं राहत होती, आणि दोन फाटकांमधलं अंतर इतकं आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

*

त्या गल्लीत 'चाखलेली लौकी' असा शब्दच होता.

कुमुद विद्युत मंडळात टायपिस्ट होती तेव्हापासून तिच्या परसात भाजी असे. सकाळी पाणी, संध्याकाळी खुरपं, मधे नोकरी. वांगी, तुरई, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि उन्हाळ्यात मांडवावर दुधी. घरात खाऊन उरेल ते आळीत जाई. पण दुधी देताना तिचा एक नेम होता, तो तिच्या सासूबाईंनी घालून दिलेला. "कडू दुधी गाईलाही घालू नये," त्या म्हणत, "आणि न चाखलेला दुधी वैऱ्यालाही देऊ नये." म्हणून कुमुद देठाशी सुरीनं नखाएवढी खाच घेई, तो काप जिभेवर ठेवून चावे, आणि मगच दुधी दुसऱ्याच्या हातात देई. देठाशी खाच दिसली की आळीतल्या बायका निर्धास्त असत. बापूसाहेबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तरी ते रोज लौकीचा रस पीत, आणि कुमुदच्या परसात दुधी असला तर बाजारातल्याला हात लावत नसत. बाजारातल्या लौकीची जबाबदारी कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या तापानं कुमुदचं नाक आणि जीभ दोन्ही नेली. गल्लीतल्या कितीतरी घरांतून त्या वर्षी माणसंच गेली, तिथे जिभेचं काय रडायचं. नाक सहा महिन्यांनी परत आलं. पूर्ण नाही, पण फोडणी करपली तर कळे. जीभ आली नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं. आणि मग सांगायची भीती वाटायला लागली. मुलगा अविनाश इंदूरला होता. "आई, एकटी काहून राहते? घर काढून टाकू, इकडे ये," हे त्याचं दर फोनला ठरलेलं. त्याच्या मुलीची, दुर्वाची, बदली जबलपूरला झाली म्हणून तो दोन वर्षं गप्प होता. आईला मीठसाखर कळत नाही हे त्याला कळलं असतं तर तो महिन्याभरात ट्रक घेऊन आला असता. इंदूरला चौथ्या मजल्यावर तिला गॅलरीत दोन कुंड्या मिळाल्या असत्या.

म्हणून ती चमच्यानं मीठ मोजायची, वाटीनं साखर. हाताला माप होतं, डोळ्याला रंग होता. कुणाला शंका आली नाही. आणि दुधी देताना ती अजूनही खाच घ्यायची, काप चावायची, गिळायची. पहिल्या उन्हाळ्यात तसा दुधी देताना ती फाटकापासून दोनदा परत फिरली होती. काही झालं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात नुसतं धस्स झालं. तिसऱ्या वर्षी तेही झालं नाही. बी दुकानाचं होतं, दुधी गोडच निघायचे. आणि कुमुदला वाटायला लागलं होतं की खाच घेतली म्हणजे चाखलंच.

चुकलं ते गेल्या वर्षी. मागच्या भिंतीवर रानातली तुंबी, म्हणजे कडू भोपळ्याचा वेल, आपोआप उगवून चढली. तिची पांढरी फुलं तिन्हीसांजेला उमलत, ती छान दिसत म्हणून कुमुदनं ती राहू दिली. पनागरहून भाजीची टोपली घेऊन येणारी बेबी भिंतीकडे बघून म्हणाली होती, "अम्मा, तुमड़ी के संग लौकी मत लगाओ, बीज बिगड़ जाता है." कुमुद हसली होती. त्याच वर्षी तिनं मांडवावरचा सगळ्यात देखणा दुधी बियांसाठी वाळवला आणि या वर्षी दुकानाचं बी आणलंच नाही. घरचं बी पेरलं.

*

बापूसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. हातात हिंदी वर्तमानपत्र. शेजारच्या स्टुलावर काचेचा उंच ग्लास, रिकामा, आत हिरवट फेस.

"या, कुमुदताई! आज पायात एकच चप्पल? शर्यतीला निघाल्या का?"

"रस घेतलात?"

"घेतला ना. पूरा ग्लास."

"कसा लागला?"

"कसा म्हणजे," बापूसाहेबांनी चष्मा वर सरकवला, "कारल्याला रसगुल्ला म्हणावं असा. पण ते माझं तोंड आहे हो. परवापासून ती प्रेशरची नवी गोळी सुरू झाली ना, चहासुद्धा कडू लागून राहिला. अवंतिका म्हणे, बाबा, राहू द्या. म्हटलं काहून राहू द्या? लौकीवर कुमुदताईंची खाच आहे. नाक दाबलं आणि गट करून टाकला."

अवंतिका, त्यांची सून, पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं काकू? फोन चार्जिंगला होता, आत्ता बघितला. दुर्वाचे चार मिस कॉल."

"लौकी कडू निघाली," कुमुद म्हणाली. तिला धाप लागली होती. "घरातली. दुर्वानं थुंकली. यांना दवाखान्यात ने."

"तुमची लौकी? पण तुम्ही तर चाखून देता ना? ही चाखली होती ना?"

हाच तो क्षण होता. पुढे कुमुदनं तो इतक्यांदा आठवला की त्यातलं सगळं तिला पाठ झालं: कूलरचा पाण्याचा वास, अवंतिकाच्या बोटाला लागलेला पुदिना, बापूसाहेबांची वर गेलेली भुवई. एक वाक्य बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. ती म्हणाली, "हो."

"मग कडू निघाली ती दुसरी असेल," अवंतिकाचा चेहरा सैल झाला.

"एकाच वेलाच्या आहेत दोघी."

"एका आईची दोन लेकरं सारखी असतात का?" बापूसाहेब हसले. "आमचे दादा बघा आणि मी बघा. बसा, चहा घ्या. अवंतिका, ताईंना..."

ते थांबले. वर्तमानपत्र मांडीवरून घसरलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, काहीतरी विसरलेलं आठवत असल्यासारखं समोर पाहिलं, आणि खुर्चीतच वाकून ओकले. एकदा. मग पुन्हा. मग त्यांना श्वास घ्यायलाही उसंत मिळेना.

*

गाडी अवंतिकानं चालवली. नवरा, अनिमेष, पहाटेच बरगीला धरणावर ड्यूटीला गेला होता. पुढे दुर्वा त्याला फोन लावत होती. मागे कुमुदच्या मांडीवर बापूसाहेबांचं डोकं होतं आणि तिच्या हातात प्लास्टिकचा टब. बापूसाहेबांचा शर्ट घामानं भिजला होता आणि हात मात्र गार. एवढ्या उन्हात इतका गार हात तिनं एकदाच धरला होता, नवऱ्याचा.

तिच्याही पोटात ढवळत होतं. ते चार घासांमुळे की भीतीमुळे, तिला कळत नव्हतं. तिचं तिलाच काही कळत नाही, हे तर सगळ्याचं मूळ होतं.

"गोळीच आहे ती," गाडी चालवता चालवता अवंतिका बोलत होती. "मी म्हटलं होतं यांना, बदलू नका. तोंड कडू, मळमळ, सगळं त्या पत्रकावर लिहून होतं. गोळीच आहे."

गोळीच असू दे, असं कुमुदच्या मनात आलं. देवा, गोळीच असू दे. आणि मग तिला स्वतःची अशी भीती वाटली की तिनं डोळे मिटून घेतले.

दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत डॉक्टर तरुण होता, दुर्वाहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं नाडी बघितली, प्रेशर घेतलं, पोट दाबलं.

"सुबह से क्या लिया इन्होंने?"

"कुछ नहीं डॉक्टर साब, बस लौकी का जूस. रोज़ लेते हैं."

"कड़वी थी?"

"इनको तो दो दिन से सब कड़वा लग रहा है. ये देखिए, नई गोली चालू हुई है," अवंतिकानं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "लौकी तो चखी हुई थी. ये काकी बैठी हैं ना, खुद चख के देती हैं. चालीस साल से पूरा मोहल्ला खाता है."

डॉक्टरनं पट्टी उलटीपालटी करून वाचली. बापूसाहेब आता जरा शांत पडले होते, डोळे मिटून. ते पुटपुटले, "चाखलेली होती." कुणाची तरी अब्रू राखावी तसं पुटपुटले.

"ठीक है. गोली बंद कर दीजिए. एक इंजेक्शन दे रहा हूँ, एक बोतल चढ़ा देते हैं, दो घंटे में घर ले जाइए." त्यानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता सहज मान वर केली. "आपने चखी थी ना, अम्माजी?"

खोलीत पंखा फिरत होता. नर्स सलाईनची बाटली टांगत होती. दुर्वा दाराशी, फोन कानाला. कुमुदनं तिच्याकडे पाहिलं. ही पोर आज संध्याकाळी आईवडिलांना सांगेल. अविनाश रविवारी येईल. घर, परस, मांडव. या सगळ्या गोष्टी तिच्या डोळ्यांसमोर आल्या हे नंतर तिनं स्वतःशी कबूल केलं. माणूस मरत होता आणि तिच्या डोळ्यांसमोर मांडव आला.

"चखी थी," ती म्हणाली.

डॉक्टर पुन्हा लिहायला लागला.

"लेकिन मुझे स्वाद नहीं आता."

पेन थांबलं.

"काय?" अवंतिका म्हणाली.

कुमुद उभी राहिली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. "चार वर्षं झाली. तापानंतर जीभ गेली माझी. मीठ कळत नाही, साखर कळत नाही, कडू कळत नाही. मी नुसती चावून गिळते आणि खाच पाडून देते. लौकी कडूच होती, अवंतिका. त्यांना लागली ती गोळी नाही. लौकीच." मग तिच्या लक्षात आलं की डॉक्टरला मराठी येत नाही, आणि तिनं ते सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं. एकेक शब्द. तुमड़ीसकट, बियांसकट.

"कितना पिया?"

"बड़ा ग्लास. पूरा."

"और आपने?"

"सब्ज़ी के चार कौर."

डॉक्टरनं लिहिलेला कागद चुरगाळला. "सिस्टर, मॉनिटर लगाओ. ऊपर आयसीयू में बेड बोलो, अभी. इनको घर नहीं जाना है. और अम्माजी को भी लिटाओ."

पुढे सगळं फार भराभर झालं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं. अवंतिका त्याच्याबरोबर गेली. जाताना तिनं मागे वळून पाहिलं, आणि कुमुदला वाटलं होतं तसा राग त्या नजरेत नव्हता. अनोळखी बाईकडे बघावं तसं तिनं पाहिलं. वीसेक मिनिटांनी वर बापूसाहेबांना रक्ताची उलटी झाली आणि प्रेशर साठावर उतरलं. हे कुमुदला दुपारी कळलं, दुर्वाकडून.

खालच्या वॉर्डात हाताला सुई लावून ती पडून होती. तिला दोनदा उलटी झाली, पोटात पीळ पडले, आणि प्रत्येक कळेबरोबर ती हिशेब करत होती: मला चार घासांत एवढं, तर त्यांना ग्लासात किती. लिफ्टचं दार वाजलं की ती मान उचलायची. वरून कोण येतंय, कसं येतंय. चपलांच्या आवाजावरून बातमी कळते, हे तिनं या शहरातल्या दवाखान्यांत पूर्वी शिकून घेतलं होतं.

दुर्वा स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "होळीला मी म्हटलं श्रीखंड मस्त झालं. तू म्हणालीस, साखर थोडी पुढे गेली."

"अंदाजानं बोलले."

"अंदाजानं! चार साल, आजी? चार साल तू अ‍ॅक्टिंग करून राहिलीस?" ती हसली की रडली ते तिलाही कळलं नसेल. मग तिनं नाक पुसलं. "पापाला सांगावं लागेल."

"सांग."

"तो तुला घेऊन जाईल."

"माहीत आहे मला. तू सांग. पण आधी वर जाऊन बघून ये."

*

बापूसाहेब वाचले. वाचतील, असं डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला; तोवर ते नक्की नव्हतं.

कुमुद दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आली. फाटकाच्या आत, तुळशीच्या कट्ट्यावर, कुणी कुणी पिशव्या आणून ठेवल्या होत्या. तिनं उघडून पाहिलं. त्या आठवड्यात तिनं आळीत वाटलेली भाजी होती. तुरया होत्या, बरबटीच्या शेंगा होत्या, वांगीसुद्धा होती. कुणी दार वाजवलं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. तिनं त्या पिशव्या उचलून आत नेल्या. वांग्यांनी काय केलं होतं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण आळीतल्या बायकांच्या जागी असती तर तिनंही तेच केलं असतं.

मग तिनं वेल काढला. हातानं ओढून काढला, मांडवाच्या तारांना धरून बसलेले तणावे एकेक सोडवत. बोटाएवढी कोवळी फळं धरली होती, फुलं होती. घरच्या बियांचा डबा तिनं परसातल्या पेटत्या चुलीत रिकामा केला आणि बिया तडतडून काळ्या होईपर्यंत तिथून हलली नाही. दुपारी अविनाशचा फोन आला. तो ओरडला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "रविवारी येतो," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "ये."

चौथ्या दिवशी सकाळी अवंतिकाचा फोन आला. त्या दिवसानंतरचा पहिला.

"काकू, त्यांना पातळ खायला द्यायला सांगितलं आहे. इथलं नको म्हणून राहिले. तुमच्या हातचा मऊ भात मागून राहिले. मी नाही म्हटलं. ऐकत नाहीत."

"मी आणते."

मग अवंतिका म्हणाली, "आणा."

तांदूळ आणि मूगडाळ कुमुदनं बाजारातून नवी आणवली. तीनदा धुतली. पाणी उकळून घेतलं. हिंग, हळद, मीठ. मीठ घालताना तिनं चमचा दोनदा सपाट केला. दुर्वाची बँकेची वेळ झाली होती, ती म्हणाली, "आजी, मी बघू का चाखून?" कुमुद नको म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. का नको, ते तिनं सांगितलं नाही.

बापूसाहेब उशीला टेकून बसले होते. चार दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते, दाढी पांढरी वाढली होती. त्यांनी कुमुदकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि आवाज फुटेना तरी म्हणाले, "लौकी नाही ना घातली?"

कुणी हसलं नाही. त्यांनीच थोडं हसून घेतलं आणि दमून डोळे मिटले.

अवंतिकानं डबा उघडला. वाफ वर आली. तिनं वाटीत भात काढला, चमचा घेतला, आणि तो भरून सासऱ्याच्या तोंडाकडे नेताना तिचा हात मधेच थांबला. तिनं कुमुदकडे बघायचं टाळलं. चमचा हवेत तसाच राहिला. तिला काय करायचं आहे आणि का करवत नाही, हे कुमुदला दिसत होतं.

"अवंतिका," ती म्हणाली, "आधी तू चाख."

"काकू, तसं नाही..."

"तसंच आहे. माझ्यासमोर चाख. यापुढे माझ्या हातचं कुणीही आधी चाखूनच घ्यायचं. मी सांगते आहे तुला."

अवंतिकानं एकदा मान वर केली. मग चमचा आपल्या तोंडात घातला. कुमुद पलंगाच्या पायथ्याशी, पिशवी दोन्ही हातांत धरून, ती गिळेपर्यंत उभी राहिली.